स्टेल्थ गेममध्ये पहारेकऱ्याला कधी दिसतो, कधी दिसत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीतलं गेमिंग कॅफे असो की डिचोलीच्या घरात इन्व्हर्टरवर चाललेला लॅपटॉप, तक्रार ठरलेली: ‘मघाशी याच झुडपात बसलो होतो, पहारेकरी शेजारून निघून गेला. आता तोच वीस पावलांवरून ओरडतो.’ लपूनछपून खेळायच्या गेमबद्दल असे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक वेळा गेमने नियम मोडलेला नसतो, तो तुम्हाला सांगितलेलाच नसतो. खेळणाऱ्याचा राग त्यामुळे खोटा ठरत नाही. सांगितलेलाच नाही तो नियम पाळायचा कसा? आणि खरोखर गंडलेले प्रकारही आहेत, ते खाली येतीलच.

पहारेकऱ्याला ‘दिसलो’ म्हणजे गेममध्ये नेमकं काय झालं?

पहारेकऱ्याला डोळे नसतात. गेम दर सेकंदाला काही ठराविक वेळा त्याच्या डोक्यापासून तुमच्या शरीरावरच्या मोजक्या बिंदूंकडे अदृश्य सरळ रेषा ओढून बघतो. बिंदू म्हणजे सहसा डोकं, छाती आणि कमरेखालचा एखादा. मध्ये भिंत किंवा खोका आला तर रेषा अडते. एखादी रेषा अडली नाही आणि तुम्ही त्याच्या नजरेच्या शंकूत, म्हणजे डोळ्यांपासून पुढे रुंदावत जाणाऱ्या क्षेत्रात, असाल, तर संशयाचा मीटर भरू लागतो. तो किती भराभर भरायचा हे अंतर, उजेड, तुम्ही वाकलेले आहात की उभे, हलताय की स्थिर, आणि त्याच्या बरोबर समोर आहात की कडेला, यावर ठरतं.

कोपर खोक्याबाहेर आलं आणि तरी काही झालं नाही, याचं कारण कोपरावर बिंदूच नाही. डोकं मात्र बोटभर वर आलं तरी पुरे. पडद्यावर दिसणारं शरीर आणि गेमने तपासलेलं शरीर, ही दोन वेगळी शरीरं आहेत.

शंकूही बहुधा एकच नसतो. १९९८ साली आलेल्या ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’मध्येच प्रत्येक पहारेकऱ्याला वेगवेगळ्या लांबी-रुंदीचे अनेक शंकू दिलेले होते. समोरचा अरुंद आणि लांब, कडेचे रुंद पण आखूड, आणि प्रत्येकाची तीक्ष्णता निराळी. हीच कल्पना पुढे बऱ्याच गेममध्ये आली. त्यामुळे दहा पावलांवर कडेने गेलात तर मीटर रांगत चढतो आणि तेवढ्याच अंतरावर समोर आलात तर एका दमात भरतो. अंतर सारखं असल्याने खेळणाऱ्याला वाटतं, गेम मनाला येईल तसं करतोय.

खरा चंचलपणा येतो तो तपासणीच्या वेळांमुळे. दोन तपासण्यांच्या मधल्या फटीत दारासमोरून पळालात तर सुटता, एक तपासणी वाटेत आली तर मीटर हलतो. धाव तीच, निकाल वेगळा. यावर उपाय एकच: कमीत कमी वेळ उघड्यावर राहा आणि फटीवर भिस्त ठेवून बेत आखू नका.

गोव्यात राखणदार म्हटलं की गावाच्या वेशीवरचा तो, ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही असं मानतात. गेममधला पहारेकरी त्या तोडीचा नाही. त्याला वर बघायचंही सहसा सुचत नाही, कारण शंकूची उंची कमी ठेवलेली असते. तुळईवर, छपरावर किंवा पाइपावर चढणं म्हणूनच इतकं चालून जातं.

मी काळोखात उभा होतो, तरी दिसलो. का?

आधी हे बघा की तुमचा गेम उजेड मोजतो का. बरेच मोजत नाहीत, किंवा अर्धवट मोजतात. ‘थीफ’मध्ये पडद्याच्या तळाशी एक रत्न असतं, ते जितकं उजळ तितके तुम्ही उघडे, तलवार उपसली तरी ते उजळतं. ‘स्प्लिंटर सेल’मध्ये (२००२) त्याच कामाला आडवी पट्टी आहे. ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (२०१८) तर कपड्यांवरून दृश्यमानता, आवाज आणि लोकांच्या नजरेत भरणं असे तीन वेगळे आकडे देतो. तिथे रात्री वस्तीत मशाल न घेता हिंडलात तर शिपाई उलट त्याचाच संशय घेतात!

‘डिसऑनर्ड’चं (२०१२) तसं नाही. तिथला काळोख लांबून मदत करतो. जवळ आलेल्या पहारेकऱ्याला तुम्ही काळोखातही दिसता. तिथे कामाला येतो तो आडोसा. कोपऱ्याआडून फक्त डोकं काढून डोकावलात तर धड आडोशाला असेपर्यंत तुम्हाला कोणी बघत नाही. समोरच्याशी डोळ्याला डोळा भिडला तरी नाही. वास्तवाच्या दृष्टीने हे हास्यास्पद आहे, पण नियम पक्का आहे आणि गेम तो शेवटपर्यंत पाळतो. आमच्या मते चांगल्या स्टेल्थची खूण हीच.

मग पडद्याचं बघा. ब्राइटनेस किंवा गॅमा कमी केला म्हणून तुम्ही जास्त लपत नाही. गेम आपला हिशेब आतल्या आकड्यांवर करतो. उलट गॅमा फार खाली असेल तर फिकट उजेडाचा पट्टा तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही नेमके त्यात जाऊन बसता. दुपारी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत, बसून खेळणाऱ्यांचं हेच होतं. सेटिंगमध्ये ‘हे चिन्ह जेमतेम दिसेल इतपत ठेवा’ असं चित्र असतं, ते ज्या जागी खेळणार तिथल्याच उजेडात लावा. कॅफेच्या मशिनवर आधीच्या माणसाने काय लावून ठेवलंय याचा भरवसा नसतो, तिथे बसल्या बसल्या पहिलं काम हे.

जुन्या गेमचं एक दुखणं वेगळंच. ‘स्प्लिंटर सेल: पॅन्डोरा टुमॉरो’ (२००४) आजच्या ग्राफिक्स कार्डावर तसाच चालवला तर काही सावल्या आणि झोताचे दिवे पडद्यावर उमटतच नाहीत. गेमच्या हिशेबात मात्र ते असतात. तुम्ही न दिसणाऱ्या झोतात शिरता आणि पकडले जाता. इथे तुमची काहीही चूक नाही. डीजीवूडू २ हे साधन गेमच्या फोल्डरमध्ये बसवलं की सावल्या परत येतात. ‘थीफ’साठी टीफिक्स नावाचा चाहत्यांनी केलेला पॅच आहे, नव्या विंडोजवर तो घालूनच सुरुवात करा.

एका झुडपात लपता येतं, शेजारच्यात नाही. हा काय न्याय?

लपायचं झुडूप म्हणजे झाडाचं चित्र अधिक त्याभोवती घातलेला एक अदृश्य डबा, जो पहारेकऱ्याची रेषा अडवतो किंवा तुम्हाला ‘लपलेला’ असा शिक्का मारतो. शोभेच्या झुडपाला डबा नसतो. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’त (२०२०) उंच गवत एकाच जातीचं ठेवून ही भानगड बरीचशी मिटवली आहे. इतर ठिकाणी खूण शोधावी लागते: पात्राची बसण्याची ढब बदलते का, पडद्याच्या कडा काळवंडतात का, एखादं चिन्ह येतं का. आणि झुडपात वाकून बसावं लागतं. उभे राहिलात तर डोक्याचा बिंदू डब्याबाहेर.

पावलांचा आवाज कधी ऐकू येतो, कधी नाही.

जमिनीवर ठरतं. ‘थीफ’मध्ये लोखंडी जाळी आणि फरशी वाजते, गालिचा आणि गवत आवाज गिळतं. म्हणूनच तिथे शेवाळ पसरणारे बाण दिले आहेत: एक बाण मारा, वाजणाऱ्या फरशीवर शेवाळाची पायवाट तयार.

दुसरी गोष्ट आजूबाजूच्या गोंगाटाची. ‘स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी’त (२००५) आवाजाच्या पट्टीवर भोवतालचा आवाज किती, हे वेगळं दाखवतात. तुमचा आवाज त्या खुणेच्या खाली राहिला की कोणाला ऐकू जात नाही. तेच पाऊल जनरेटरच्या शेजारी चालतं आणि शांत खोलीत चालत नाही. ‘स्नायपर एलिट’ मालिकेत मेघगर्जना किंवा बिघडलेल्या जनरेटरच्या धडधडीत गोळीचा आवाजही बुडतो. फक्त गोळी त्या आवाजाच्या क्षणातच सुटली पाहिजे. आषाढात मंगलोरी कौलांवर सर कोसळत असताना ओसरीवरची हाक स्वयंपाकघरात पोचत नाही, ते आठवा. गणित तेच.

तिसरं कारण गेमगणिक बदलतं. काही गेम आवाज भिंत-दार न बघता सरळ गोल पसरवतात, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या पहारेकऱ्यालाही तुमची उडी ऐकू येते. काही गेम तो खोल्या आणि दारांच्या वाटेने नेतात, तिथे दार लावून घेणं फायद्याचं. तुमचा गेम कोणता हे ओळखायला बंद दाराच्या अलीकडे एखादी बाटली फेकून बघा.

कंट्रोलरवर हळू चालतोय, तरी पात्र मध्येच धप्प पाऊल टाकतं.

स्टिक तपासा. स्टिक किती कलवली यावर चालण्याचा वेग ठरतो, आणि सरकणाऱ्या स्टिकमुळे पात्र आपोआप पाऊल पुढे टाकतं. स्थिर बसलेले असताना मीटर उगाच हलला तर पहिला संशय याचाच घ्या. स्टीममध्ये (पीसीवर गेम विकणारं ऑनलाइन दुकान) कंट्रोलर सेटिंगमध्ये जाऊन कॅलिब्रेशनची खिडकी उघडा, हात काढून घ्या आणि बघा: ठिपका मध्यभागी थांबत नसेल तर डेड झोन, म्हणजे मधला जो भाग गेम हालचाल म्हणून धरत नाही तो, थोडा थोडा वाढवत जा, ठिपका गप्प झाला की थांबा. गरजेपेक्षा जास्त वाढवलात तर मंद चालच हरवते आणि स्टिक हलवली की पात्र एकदम पळत सुटतं, म्हणजे पुन्हा आवाज.

आपल्याकडची दमट, खारी हवा संपर्कबिंदूंना चांगली नाही. पावसाळ्यात कंट्रोलर सिलिका जेलची पुडी टाकून बंद डब्यात ठेवा.

कीबोर्डवर वेगाला मधल्या पायऱ्या नसतात, वेगळं बटण लागतं. पीसीवरच्या ‘स्प्लिंटर सेल’मध्ये माउसच्या चाकाने वेग कमी-जास्त होतो, हे माहीत नसल्यामुळे पहिल्याच मिशनमध्ये वैतागणारे पुष्कळ.

वेश बदलला, तरी ओळखतात.

‘हिटमॅन’च्या २०१६ पासूनच्या गेममध्ये तुमचा वेश कोण ओळखू शकतो, हे डोक्यावरच्या पांढऱ्या ठिपक्याने दाखवतात. वेटरच्या वेशात मुकादम ओळखेल, माळी ओळखणार नाही. त्याच्याकडे पाठ करा, गर्दीत मिसळा किंवा त्याची नजर तुटेल अशी वाट धरा. हातात मोठी बंदूक असेल आणि वेश पहारेकऱ्याचा नसेल, तर ठिपक्याचा प्रश्नच उरत नाही. बघेल तो बोंब मारेल.

याच मालिकेतल्या ‘अ‍ॅबसोल्यूशन’ने (२०१२) मात्र खरोखर डोकं फिरवलं. तिथे तुम्ही ज्याचा वेश घेतला त्या पेशाचा प्रत्येक जण संशय घ्यायचा. शहरात पोलीस शेकड्यांनी, आणि सगळे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात! तोंड लपवायला मीटरसारखी एक पट्टी खर्च करावी लागे, ती संपली की संपलं. पुढच्या गेममध्ये हे बदललं, ते बरंच झालं.

माझा साथीदार पहारेकऱ्याच्या पायाशी नाचतोय, त्याला कोणी बघत नाही. मला का बघतात?

मुद्दाम तसं केलेलं असतं. ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये (२०१३) लढाई सुरू नसताना तुमची सोबतीण एली शत्रूसमोर आली तरी ती त्यांना दिसत नाही. संगणकाने चालवलेल्या सोबत्याच्या चुकीने तुम्ही पकडला जाणं हे त्याहून वाईट, असा तो हिशेब. बघायला विचित्र वाटतं. निवड मात्र योग्य आहे.

एकाने बघितलं की अख्ख्या तळाला कसं कळतं?

दोन पद्धती आहेत. एकात ओरडण्याचा आवाज जिथवर पोचतो तेवढेच सावध होतात. दुसऱ्यात अख्ख्या गटाची एकच सामाईक स्थिती असते आणि ती क्षणात बदलते. ‘मेटल गिअर सॉलिड ५’मध्ये (२०१५) दिसल्यावर काही क्षण खेळ मंदावतो. तेवढ्यात बघणाऱ्याला गप्प केलंत तर बातमी बाहेर जात नाही. ही सोय सेटिंगमधून बंदही करता येते, आणि कोणीतरी ती बंद करून ठेवलेली असली की ‘काल तर मंदावत होतं’ अशी तक्रार येते.

सावध झालेले पहारेकरी बहुतेक गेममध्ये तुम्ही शेवटचे जिथे दिसलात तिथे जमतात. तुम्ही आता कुठे आहात हे त्यांना ठाऊक नसतं. तिथून दोन वळणं घेऊन बाजूला व्हा. त्याच आडोशामागे दबा धरून बसणं, ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी सवय. प्रेत किंवा उघडं राहिलेलं दार यांवरूनही शोध सुरू होतो, म्हणून ‘मला कोणी पाहिलंच नाही’ हे खरं असूनही भोंगा वाजू शकतो.

मागून वार केला, तरी मेला नाही!

‘असॅसिन्स क्रीड’च्या ‘ओरिजिन्स’ (२०१७) आणि ‘ओडिसी’मध्ये (२०१८) शत्रूची पातळी तुमच्याहून वर असली की गुपचूप वारानेही त्याची नुसती ताकद घटते. चाहत्यांनी यावर बरीच आरडाओरड केली. ‘वल्हाला’ (२०२०) आणि ‘शॅडोज’मध्ये (२०२५) एका वारात हमखास मारण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे. तो आपोआप चालू नसतो, गेमप्लेच्या यादीत जाऊन लावावा लागतो.

‘एलियन: आयसोलेशन’मधला प्राणी फसवणूक करतो का?

थोडीशी. २०१४ च्या या गेममध्ये दोन मेंदू आहेत. वरच्याला तुम्ही कुठे आहात हे कायम ठाऊक असतं. तो प्राण्याला अधूनमधून ‘त्या बाजूला जा’ एवढंच सुचवतो. खालचा, म्हणजे प्रत्यक्ष प्राणी, तुम्हाला स्वतःच्या डोळ्या-कानांनीच शोधतो. ताण फार वेळ टिकला की वरचा त्याला दूर पाठवतो. म्हणून कपाटात दहा मिनिटं बसून राहण्यात अर्थ नाही. तो गेला की लगेच निघा, नाहीतर त्याला पुन्हा तुमच्याच दिशेने पाठवतील.

कठीण पातळीवर शंकू मोठा होतो का?

काही गेममध्ये शंकू लांबतो, काहींत मीटर भराभर भरतो, काहींत फक्त मार जास्त बसतो. पातळीखाली लिहिलेलं वाचा. तिथे काही लिहिलं नसेल तर खालची चाचणी दोन्ही पातळ्यांवर करा.

चूक माझी, नियम गेमचा, की बग? कसं ओळखायचं?

वीस मिनिटं लागतात, पण त्यानंतर वाद मिटतो.

एकटा उभा, न फिरणारा पहारेकरी शोधा. फिरणारा घेतलात तर त्याची मान कुठे वळली होती यावरच वाद होईल. त्याच्यापासून सुरक्षित अंतरावर हाताने सेव्ह करा. स्क्रीन रेकॉर्डिंग सेकंदाला ६० फ्रेमवर चालू करा. जमिनीवरची एखादी खूण पकडा, फरशीची रेघ किंवा दिव्याचा खांब, आणि दर वेळी तिथेच, त्याच ढबीत, स्थिर थांबा. मीटर हलायला लागल्यापासून भरेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. ३० फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. सेव्ह लोड करून हेच पाच वेळा करा.

पाचही वेळा आकडा जवळपास सारखा आला तर तो नियम आहे, आवडो न आवडो. आता एकच गोष्ट बदला. उभे होतात तर वाका, किंवा दिवा विझवा, किंवा चिलखत उतरवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर हाती काही लागत नाही. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) चोरपावलांचं कौशल्य, चिलखताचं वजन, उजेड आणि हालचाल हे सगळं एकत्र मोजलं जातं; एकेक वेगळं काढल्याशिवाय कोणामुळे पकडले गेलात ते कळणारच नाही.

पाचातले तीन एक सांगतात, दोन भलतंच? मग फ्रेम रेट, म्हणजे गेम सेकंदाला किती फ्रेम दाखवतो, ते बघा. बॅटरीवर गेलेला लॅपटॉप बऱ्याचदा मंदावतो, आणि तुमचं बटण उशिरा पोचतं. उलट बाजूने, मूळ ‘स्कायरिम’ ६० फ्रेमच्या वर नेला तर त्याचं भौतिकशास्त्र बिघडतं, वस्तू आपोआप खडखडतात आणि पडतात. ६० वर बांधून पुन्हा पाच वेळा करा. तरीही तसंच असेल तर मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) काढून एकदा करा. त्यानंतर जे उरेल त्याला बग म्हणायला हरकत नाही.

सेव्ह लोड केल्यावर पहारेकरी वेगळेच वागतात.

हे पुष्कळ गेममध्ये होतं. सेव्हमध्ये पहारेकरी कुठे होता हे नोंदलेलं असतं, पण त्याचा संशय किती चढला होता, फेरीच्या कुठल्या टप्प्यावर होता, मान कुठे होती, हे सगळं नोंदलेलं असेलच असं नाही. संशय चढलेला असताना सेव्ह करू नका. सगळे शांत झाले, मीटर पूर्ण उतरला, की मगच.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हा चेकपॉइंटवर चालणारे, म्हणजे फक्त ठरलेल्या टप्प्यांवर सेव्ह होणारे गेम सगळ्यात जास्त रडवतात. राउटर आणि पीसी दोन्ही यूपीएसवर हवेत. क्लाउडवर सेव्ह चढत असताना नेट तुटलं तर पुढच्या वेळी ‘कुठली प्रत ठेवू’ असं विचारतात. तारीख-वेळ वाचून उत्तर द्या, घाईने नको.

इतकं गुपचूप आलो आणि कथेनेच मला पकडून दिलं.

याला उपाय नाही. लेखकाला पाठलागाचं दृश्य हवं होतं. पुढच्या चेकपॉइंटपर्यंत पळा.

नियम उघडपणे दाखवणारा गेम हवा असेल तर?

‘मार्क ऑफ द निंजा’ (२०१२). आवाज किती दूर जाईल याचं वर्तुळ दिसतं, नजरेचा शंकू दिसतो, लपलात की पात्र काळं होतं. त्यानंतर ‘शॅडो टॅक्टिक्स’ (२०१६): शंकूचा जवळचा भाग आणि लांबचा भाग वेगळा रंगवलेला असतो, लांबच्या भागात वाकून गेलात तर दिसत नाही. एका वेळी एकाच शत्रूचा शंकू बघता येतो, हीच त्यातली मेख. शेवटच्या सेव्हला किती वेळ झाला हेही गेमच सांगतो.

बग कळवताना काय लिहायचं?

‘स्टेल्थ बकवास आहे’ यावर कोणी काही करू शकत नाही. गेमची आवृत्ती, पीसी की कन्सोल, काठिण्यपातळी, फ्रेम रेट, मिशन आणि जागा, पाचातून किती वेळा झालं, आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे दोन वेगळ्या वाक्यांत. सेव्ह फाइल जोडता आली तर उत्तमच.

पैसे परत मिळतात का?

स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर सहसा मिळतात. घड्याळ मेनूत बसलेला वेळही धरतं. बऱ्याच गेममध्ये पहिला तास गोष्ट सांगण्यात जातो आणि पहारेकरी नंतर भेटतात, म्हणून गेम चालू ठेवून जेवायला उठू नका.